म्हाताऱ्या कुत्र्याला ‘लूत’ म्हणण्यापूर्वी

चाळीत, वस्तीत किंवा गावाकडच्या अंगणात वाढलेला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा झाला आणि त्याचे केस गळू लागले, की शेजारीपाजारी एकच निदान करतात, “लूत लागली.” मग पोरे दगड मारतात, दारात उभे करून घेत नाहीत, आणि एके दिवशी घरातलेच कोणी त्याला पोत्यात घालून दूर सोडून येते. ज्याने उभे आयुष्य दार राखले त्याची अखेर अशी व्हावी, हे माणुसकीला धरून नाही. शिवाय पुष्कळदा ते निदानच चुकलेले असते.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रथम वयाचे काय आणि आजाराचे काय, हे वेगळे करू. तोंडाभोवतीचे केस पांढरे होणे, अंगावरचे केस थोडे राठ व विरळ होणे, कठीण लादीवर बसून कोपरांना घट्टे पडणे, हे वयाचे. सांधे दुखतात म्हणून त्याला अंग चाटून साफ ठेवता येत नाही आणि केसांचा गुंता होतो. त्यासाठी जुनी गोधडी अंथरावी, दोन दिवसांआड फणी फिरवावी, एवढे पुरे. पण टक्कल पडणे म्हणजे म्हातारपण नव्हे. त्याला कारण असते आणि ते शोधावे लागते.

त्यासाठी पहिला प्रश्न असा : कुत्रा खाजवतो का?

रात्रंदिवस खाजवत असेल तर पिसवा, गोचीड किंवा लूत असण्याचा संभव जास्त. लुतेचा सूक्ष्म किडा कातडीत बिळे करतो. कानांच्या कडा व कोपरे येथे ती आधी दिसते. या लुतेने माणसाच्या अंगावरही खाज व पुरळ उठते. परंतु तो किडा माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की माणसाची खाजही ओसरते. नायटा मात्र मुलांना लागतो आणि त्याला वेगळे औषध लागते. म्हणून उपचार होईपर्यंत मुलांना दूर ठेवावे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कुत्र्याला घराबाहेर काढण्याची गरज नाही.

खाज नाही, पण दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले आहेत, असे दिसले तर दोष बहुधा शरीरातील ग्रंथींचा असतो. थायरॉइड मंदावली की कुत्रा सुस्त होतो, कमी खाऊनही जाडावतो, उबेला जाऊन बसतो, शेपटी उंदरासारखी उघडी पडते. रक्त तपासून हे कळते आणि रोजच्या गोळीने आटोक्यात राहते. गोळी जन्मभर द्यावी लागते. केस परत यायला काही महिने लागतात, पण कुत्र्याची हुशारी त्याआधीच परतते. घरातल्या माणसाची थायरॉइडची गोळी त्याला अंदाजाने देऊ नये. कुत्र्याचे प्रमाण वेगळे असते.

दुसरा आजार कुशिंग नावाचा. यात पोट सुटते, कातडी पातळ होते, भूक, तहान व लघवी फार वाढते. खाजेवर स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्यानेही असे होते. मात्र चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टर सांगतील तशाच कमी कराव्यात.

आता आपल्याकडचे घरगुती उपाय. गाडीचे जळके तेल, रॉकेल, फिनाईल हे कुत्र्याच्या अंगाला कदापि लावू नये. कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणजे ते विष पोटात जाते. लुतेचे इंजेक्शनही वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायचे असते. काही जातींच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतते.

दवाखान्यात जाताना एका वहीत नोंद करून न्यावी : केस कधीपासून आणि कोठून गेले, खाज आहे का, कोणती औषधे दिली, दिवसाला पाणी किती पितो. पाणी मापाने ठेवून मोजावे. किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे 15 किलोचा कुत्रा दिवसाला दीड लिटरच्या वर पीत असेल तर ते नेहमीचे नव्हे. एवढ्या नोंदीने डॉक्टरांचे काम निम्मे होते आणि आपला फुकटचा खर्च वाचतो.

तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो फक्त गाई-म्हशींसाठी नाही. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. ग्रंथींच्या तपासण्या बाहेरून कराव्या लागल्या तर खर्च आधी विचारून घ्यावा. साधी लूत आहे की नाही, हे मात्र कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बरेचदा तेथेच कळते.

आणखी एक गोष्ट. पाळलेले जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, तर घरातली मुले पाहत असतात म्हणून हे टाळावे. म्हातारे झालेल्या, काम न उरलेल्या जिवाशी घर कसे वागते, हे ती आपल्याकडूनच शिकतात.