आधुनिक नायक: ‘पात्र’ आणि ‘अपात्र’

मराठी समीक्षेत ‘आधुनिक नायक’ ही संज्ञा एका ठरावीक मुद्रेशी इतकी एकरूप झाली आहे की तिची तपासणी करण्याची गरज आता कोणास वाटत नाही. ‘रणांगण’मधील (१९३९) चक्रधर विध्वंस आणि ‘कोसला’मधील (१९६३) पांडुरंग सांगवीकर अशी मालिका लावली जाते, तिच्यामागे काम्यूच्या मर्सोची (१९४२) सावली उभी केली जाते आणि परात्मता, आत्मसंवाद व कृतीविषयीची उदासीनता ही आधुनिक नायकत्वाची लक्षणे म्हणून सांगितली जातात. या कादंबऱ्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यांच्यावरून बेतलेल्या मापाविषयी. हे माप ज्याच्या अंगी बसत नाही, तो कितीही आधुनिक पेचात सापडलेला असो, त्याची रवानगी ‘ग्रामीण’ या कप्प्यात होते. तेथे त्याच्याविषयी सहानुभूती असते. तात्त्विक प्रश्न मात्र नसतो.

तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात, हासेगाव येथे, १९४५ साली जन्मलेल्या भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा या संदर्भात पाहण्याजोगी आहे. शालेय पाठ्यपुस्तकामुळे ती सर्वपरिचित झाली. शेतकरी बाप मुलाला सोबत घेऊन टोमॅटो विकायला बाजारात बसतो; भाव कोसळलेला असतो; गिऱ्हाईक त्या पडत्या भावातही घासाघीस करते; अखेर बाप स्वतःच्या कष्टाचा माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. बहुतेक वाचने ‘शेतकऱ्याच्या दैन्याचे हृदयद्रावक चित्रण’ या शेऱ्यापाशी येऊन थांबतात. हा शेरा खोटा नाही, पण कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो झाकून टाकतो. या माणसाला अवर्षणाने बुडवलेले नाही. त्याला पिकण्याने बुडवले आहे.

हा भेद किरकोळ नव्हे. बालाघाटच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील शेतकऱ्यापाशी दुष्काळासाठी शब्द आहेत, नवस आहेत, १९७२ सारख्या वर्षांच्या आठवणी आहेत, सोसण्याची पिढीजात रीत आहे. पाऊस न पडणे हे संकट असले तरी ते त्याच्या विश्वाच्या आतले संकट आहे. भरघोस पीक यावे आणि त्या भरघोसपणानेच माणूस नागवला जावा, याला मात्र परंपरेत स्पष्टीकरण नाही. येथे देव रुसलेला नाही, कष्टात कसूर झालेली नाही, आणि सावकारासारखा समोर दाखवता येईल असा वैरीही नाही. भाव कोणी एकाने पाडलेला नसतो, तो ‘पडतो’. वारशाने मिळालेला कोणताही नियम ज्या प्रसंगाचा अर्थ लावू शकत नाही, त्या प्रसंगात स्वतःच्या जबाबदारीवर कृती करावी लागणे, हीच जर आधुनिक माणसाची स्थिती असेल, तर बाजारातला हा बाप त्या स्थितीच्या ऐन मध्यावर उभा आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की, टोमॅटो तुडवणे ही संतापाची प्रतिक्रिया आहे. तिच्यात आत्मभान नाही. या आक्षेपातील पक्षपात उघड आहे. मर्सो भर उन्हात समुद्रकिनाऱ्यावर एका अरबावर गोळ्या झाडतो, तेव्हा समीक्षा त्या कृतीत विश्वाच्या निरर्थकतेचे दर्शन घेते. कळंबच्या मातीतला शेतकरी स्वतःचा माल तुडवतो, तेव्हा तीच समीक्षा कृषिअर्थशास्त्राचा आधार शोधू लागते. एकाच्या हिंसेला तत्त्वज्ञान आणि दुसऱ्याच्या नकाराला समाजशास्त्र, ही वाटणी कोणत्या साहित्यिक निकषावर झाली? वास्तविक बापापुढे पर्याय होता. मिळेल त्या भावाने माल फुंकून चार पैसे गाठीला बांधता आले असते. तो पर्याय त्याने नाकारला. आपल्या श्रमाचे मोल शून्य ठरवण्याचा अधिकार बाजाराला देण्यापेक्षा तो माल स्वतः नष्ट करण्याची किंमत त्याने मोजली. हा व्यवहार नफातोट्याचा नाही, मूल्याचा आहे.

दुसरा आक्षेप अंतर्मनाचा. बाप स्वतःविषयी काही सांगत नाही; त्याला चिंतन नाही; मग तो नायक कसा? येथे पात्राची मर्यादा आणि निवेदनाची निवड यांची गल्लत होते. कथा मुलाच्या तोंडून येते आणि बापाच्या मनात शिरण्याचे हेतुतः टाळते. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’तही (१९७१) गंगाराम शिंप्याची परवड त्याची बायको सांगते. बोराडे यांचे काटगाव आज लातूर जिल्ह्यात असले, तरी १९८२ पर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. एकाच भूभागातील या दोन कलाकृतींमध्ये नायक बाहेरून दिसतो आणि त्याच्या कृतीचा अर्थ लावण्याचा भार घरातल्या माणसावर पडतो. आत्मसंवादाला फुरसत लागते. तुटलेपणाला एकटी खोली लागते. ज्याच्या प्रत्येक निर्णयाशी बायकोपोरांची भाकर बांधलेली आहे, त्याचे एकाकीपण घरच्यांच्या नजरेतूनच दिसू शकते. ते कमी आधुनिक नसते. ते सांगण्याची रीत वेगळी असते.

दोष केवळ महानगरी समीक्षेचा आहे, असे मानणे मात्र सोयीचे ठरेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बळावलेल्या ग्रामीण साहित्य चळवळीनेही अनेकदा आपल्या पात्रांकडे पुरावा म्हणूनच पाहिले. अस्सल बोली, अस्सल दारिद्र्य, अस्सल अनुभव अशी साक्ष काढली गेली. पण साक्षीदाराला इच्छाशक्ती असते, याचा विसर पडला. १९८० साली चाकणला कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे राहिले, तेव्हा शेतकरी भावाविषयी बोलू लागला होता. साहित्यविचार तरीही त्याला सोसणारा म्हणूनच रंगवत राहिला. विदर्भातील सुशिक्षित शेतकरीपुत्राला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, परंतु त्यातील एकनाथविषयीची चर्चा पुष्कळदा ‘शेतीप्रश्न’ या मथळ्याखालीच झाली.

एक मर्यादा मान्य करावी लागते. कथा लाल चिखलापाशी संपते. दुसऱ्या दिवशी त्या बापाने काय केले, हे ती सांगत नाही. तो प्रश्न कादंबरीचा आहे, आणि मराठी कादंबरीने तो पुरेशा धैर्याने विचारलेला नाही. धाराशिवसह मराठवाड्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर जिल्हास्तरीय समिती बसते आणि १ लाख रुपयांच्या मदतीसाठी ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा या रकान्यांत मावेल तेवढाच माणूस त्या फायलीत उरतो. समीक्षेनेही परिस्थितीचा बळी एवढीच नोंद करून पान उलटले, तर तिच्या आणि त्या समितीच्या कामात फरक राहत नाही. पात्र या शब्दाचा दुसरा अर्थ सांभाळणे हे साहित्यविचाराचे काम आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘लाल चिखल’ ग्रामीण साहित्याच्या घटकातून काढून ‘कोसला’शेजारी ठेवावी आणि दोन्ही कृतींना एकच प्रश्न विचारावा: आधार सुटल्यावर हा माणूस काय करतो? या प्रश्नापुढे पांडुरंगाचे महत्त्व कमी होणार नाही. बाजारातल्या त्या बापाला मात्र प्रथमच बरोबरीने उभे राहता येईल.