दोन महिन्यांचे बाबा



जर्मनीत येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी सगळ्यांच्याच वाट्याला म्युनिक किंवा बर्लिन येत नाही. कोणाचा पत्ता एसएपीमुळे वाल्डोर्फचा होतो, कोणाचा आदिदास, पूमा किंवा शेफलरमुळे हेर्त्सोगेनआउराखचा. कंपनी जगभर पसरलेली, गाव मात्र आपल्याकडच्या तालुक्याएवढे. रविवारी दुकाने बंद. लहान मुलांच्या घराला अशी गावे मानवतात. निळ्या पाटीच्या गल्लीत मोटारी माणसाच्या चालीने जातात आणि मुले रस्त्यातच खेळतात. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या मिरवणुकीत आपली पोरेही कागदी कंदील मिरवतात, आणि दिवाळीचा आकाशकंदील अजून खिडकीत असेल तर त्यांना त्यात काही वेगळे वाटतही नाही.

हे सारे छानच आहे. प्रश्न एवढाच, की या शांत गावातला दिवस रेटते कोण?

सकाळी डबा, मग किटाला सोडणे. छोट्या गावांत पुष्कळदा दुपारी दोन-अडीचलाच मूल परत आणायचे. मग खेळाचे मैदान, पोहण्याचा वर्ग, दंतवैद्य, आणि संध्याकाळी मराठी गोष्ट. मध्येच ताप आला की किटातून फोन. हा फोन आपल्या बहुतेक घरांत आईलाच येतो. ही आई पुण्यात वास्तुविशारद होती, नाहीतर बँकेत अधिकारी. निळे कार्ड असलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करायची पूर्ण मुभा आहे, तेव्हा व्हिसाकडे बोट दाखवता येत नाही.

कायदाही बापाच्या आड येत नाही. २००७ साली आलेल्या एल्टर्नगेल्डच्या कायद्याने घरी राहणाऱ्या पालकाला आधीच्या निव्वळ पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, किमान ३०० आणि कमाल १८०० युरो दरमहा देऊ केले. दोघांपैकी एकानेच घेतले तर १२ महिने. दुसऱ्यानेही निदान दोन महिने घेतले तर मिळून १४. हे दोन महिने बापांसाठीच ठेवले होते म्हणायला हरकत नाही. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या बाळालाही पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. सरकारी आरोग्य विमा असेल तर आजारी मुलासाठी २०२४ पासून प्रत्येक पालकाला वर्षाला १५ दिवसांची भरपाई रजा मिळते. प्रत्येक पालकाला, म्हणजे बापालाही!

आणि आपण काय करतो? ते दोन महिने घेतो आणि भारतात जाऊन येतो. बारसे होते, पाचवी-सातवीकडचे नातलग भेटतात, घरात माणसे भरपूर असतात आणि बाळ बापाच्या हाती एकटे सापडतच नाही. जर्मन बापही रजा घेतात तेव्हा बहुतेक दोन महिन्यांपाशीच थांबतात, हे खरे. पण त्यांचे अनुकरण नेमके इथेच करायचे का?

जर्मनीचा इतिहासही फारसा उजळ नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता, की पत्नीने नोकरी करावी ती लग्न आणि संसाराची कर्तव्ये सांभाळून. मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या बाईला 'कावळीण आई' म्हणायची रीत अजून पुरती गेलेली नाही. ज्या देशाच्या फ्र्योबेलने १८४० साली 'किंडरगार्टन' हा शब्द जगाला दिला, त्याच देशातल्या प्रशियाने १८५१ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १८६० पर्यंत उठली नाही.

आपल्याकडे तर याहून थेट वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. मुले बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांना दिसले, की थोरली मुलगी शाळेत येत नाही कारण काखेत धाकटे भावंड असते. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. लहान मूल सांभाळण्याची सोय ही त्या मुलासाठी असतेच, पण त्यामुळे जिचे हात मोकळे होतात तिच्यासाठीही असते. हे ओळखणाऱ्या बायकांचे नाव आपण भाषणांत घेतो. घरात हात कोणाचे मोकळे झाले, ते मोजत नाही.

यावर नेहमीचे उत्तर: "त्याचा पगार जास्त, तिची नोकरी परवडत नाही." हा हिशेब जरा तपासून बघावा. नवऱ्याला तिसरा आणि बायकोला पाचवा करवर्ग घेतला की तिच्या पगारातून दरमहा जास्त कर कापला जातो आणि पगार आहे त्याहून किरकोळ दिसतो. वर्षअखेरच्या विवरणात दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. पण एल्टर्नगेल्ड ठरते ते मासिक निव्वळ पगारावर, त्यामुळे तिथे तिचे नुकसान होते. करवर्ग वेळेत, म्हणजे बाळ येण्याच्या बऱ्याच आधी, बदलता येतो. लाखोंचे सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना एवढे गणित जड नसावे.

दुसरे उत्तर म्हणजे आजी. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. सासूबाई गेल्या की आई येते. साठी उलटलेल्या बाईला भाषा येत नाही, गावात बोलायला कोणी नाही आणि दिवसभर कडेवर नातू. तिला नातवाचे सुख मिळते, नाही कोण म्हणतो? पण सुख आणि बिनपगारी पाळी यांतला फरक तिला कळतो. ती बोलून दाखवत नाही, इतकेच.

मग करायचे काय? आमच्या मते सुरुवात किटात मूल रुळवण्यापासून व्हावी. पहिले काही दिवस पालकाने वर्गातच बसायचे असते, मग हळूहळू वेळ वाढवत बाहेर पडायचे. यात काही आठवडे जातात. हे आठवडे बाबांनी घ्यावेत. तिथल्या ताई मग त्यांनाच ओळखतील, आणि फोनच्या यादीत पहिला नंबर त्यांचा लागेल. रजा घ्यायची ती आई कामावर परतल्यानंतर घ्यावी, तिच्यासोबत नव्हे. आणि आजीला पाहुणी म्हणून बोलवावे.

यासाठी कुठला मोर्चा काढायला नको. कंपनीला वेळेत लेखी कळवावे लागते आणि मित्रांची थोडी थट्टा सोसावी लागते. आपल्या मुली इथल्या शाळांत वाढताहेत. नोकरी कोणाची महत्त्वाची मानायची, हे त्या घरात रोज बघताहेत.



– संपादक