वेखंड कपाटात असू द्या, गुटीत नको



आपल्या जाफराबादकडे बाळंतिणीच्या खोलीत सहाण आली की वेखंड आलंच. बाळाचं पोट फुगलं, सर्दी झाली, बोलायला उशीर लागला की गुटीत वेखंडाचे दोन वेढे उगाळायचे. नव्या सुनेने "नको" म्हटलं की वाद होतो. या वादात मी सुनेच्या बाजूने आहे.

वेखंड हे पाणथळ जागी वाढणाऱ्या झाडाचं मूळ. मग आपल्याला चालतं कसं? ओलं आलं आपण टाळतो, सुंठ घेतो. ओली हळद टाळतो, हळकुंड घेतो. वाळल्यावर ते अचित्त होतं. त्याच न्यायाने वाळलेलं वेखंडही घरात आलं. पण धर्माला चालतं म्हणजे तान्ह्या पोटालाही चालतं, असं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि भारतीय वेखंडात ते जास्त असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आयुर्वेदातही वेखंड उलटी करवणारं मानलंय आणि पोटात द्यायचं तर आधी शोधन करायला सांगितलंय. किराणा दुकानातला तुकडा शोधलेला नसतो आणि वेढ्याचं माप प्रत्येक हाताचं वेगळं. शिवाय पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. गुटीत मध तर नकोच. आपल्याला तो वर्ज्य आहेच आणि वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

म्हणून वेखंड फेकून द्यायचं का? मुळीच नाही. गुजरातच्या ज्ञानभांडारांत पोथ्यांना कीड लागू नये म्हणून त्याची पुरचुंडी ठेवतात. तिकडे त्याला घोडावज म्हणतात. कीड लागल्यावर मारण्यापेक्षा ती लागूच न देणं, हीच तर जयणा. आपणही पूजेची पुस्तकं, शालू, लोकरीचे कपडे यांत तुकडे ठेवावेत. मोठ्यांचं डोकं सर्दीने जड झालं तर कपाळावर लेप लावावा.

सासूबाईंनो, सुनेने गुटीला नकार दिला तर तो तुमचा अपमान समजू नका. बाळाचं पोट दुखलं तर डॉक्टरांकडे तिच्यासोबत तुम्हीही जा. तिला आधार तिथेच लागतो.