उपयोजित कलेचा विद्यार्थी आणि व्यवसायाची तयारी

ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायात उतरण्यासाठी काय यावे लागते, याविषयी महाराष्ट्रात एक मत चांगलेच रुजले आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन किंवा कोरलड्रॉ सफाईने चालवता यावे, वीसपंचवीस चकचकीत कामांचा पोर्टफोलिओ असावा, सुरुवातीला नाव व्हावे म्हणून दोनचार कामे फुकट करावीत. उरलेले नोकरीत आपोआप शिकता येते, असे ते मत. सहा महिन्यांत डिझायनर घडवू पाहणारे क्लास ते सांगतात, पालक ते खरे मानतात आणि चार वर्षांची बी.एफ.ए. करणारी मुलेही शेवटच्या वर्षी त्याच घाईत सापडतात. हे मत चुकीचे आहे. ते पाळणाऱ्याला पहिली नोकरी मिळते, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याची वाट खुंटते.

या मताला आधारच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. नोकरीच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत सॉफ्टवेअरचीच नावे असतात. मुलाखतीला आलेल्या मुलाला संगणकापुढे बसवून तासाभरात एक लेआउट करायला सांगतात. ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे, त्याला पहिल्या महिन्यापासून पगार हवा असतो, आणि हाताला वेग असेल तर तो मिळतो. तेव्हा साधने येऊ नयेत असे कोणीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की साधन येणे ही तयारीची पहिली पायरी मानायची की संपूर्ण तयारी.

मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्था 1961 मध्ये स्वतंत्र झाली, तेव्हाचा विद्यार्थी ब्रश, रुलिंग पेन आणि पोस्टर कलर घेऊन बसत असे. पुढे फोटोटाइपसेटिंग आले, ब्रोमाइडचे तुकडे कापून चिकटवण्याचे पेस्टअप आले, मग पेजमेकर आणि कोरलड्रॉ आले. अलीकडे फ्लॅश हे एका संपूर्ण पिढीच्या रोजीरोटीचे साधन होते. 31 डिसेंबर 2020 रोजी ते बनवणाऱ्या कंपनीनेच त्याचा आधार काढून घेतला. केवळ फ्लॅश येणाऱ्याचे काम तेव्हा संपले. हालचाल, लय आणि दृश्यांचा क्रम समजणारे लोक दुसऱ्या साधनाकडे गेले. र. कृ. जोशी यांचा प्रवास यापेक्षाही बोलका आहे. जाहिरातसंस्थेतील काम, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापन आणि मग संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट, असा तो प्रवास. विंडोजवर लाखो लोकांनी वापरलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचा. बोरूपासून युनिकोडपर्यंत हत्यार पुनःपुन्हा बदलले. अक्षराचे ज्ञान मात्र त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले नाही.

अक्षराचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने पाहायला हवा, कारण मराठी विद्यार्थ्याची सर्वांत मोठी उणीव याच ठिकाणी असते आणि सर्वांत मोठी संधीही. बाजारातील बहुतेक मांडणी-सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडले. त्यात ओळींमधले अंतर आपोआप अक्षराच्या आकाराच्या 120 टक्के धरले जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. रोमनला पुरणारे अंतर येथे पुरत नाही आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. रोमन शीर्षकातली अक्षरे ऐसपैस करण्यासाठी ट्रॅकिंग वाढवतात. तेच देवनागरीवर केले तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला नाही, तर ‘कि’ची पहिली वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन बसते. शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. अनेक फॉन्टांत ही रूपे भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच मिळतात, नाहीतर हिंदी वळणाची उमटतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद फॉन्टने नीट दाखवला नाही, तर डोंगरांमधल्या दऱ्यांचा समुद्र होतो. यातली एकही गोष्ट सॉफ्टवेअरच्या क्लासमध्ये शिकवली जात नाही, आणि यातली प्रत्येक गोष्ट मराठी वर्तमानपत्राला, प्रकाशकाला, बँकेला आणि महानगरपालिकेला रोज लागते.

यावर असा आक्षेप येतो की मोठे काम इंग्रजीत चालते, देवनागरीवर वेळ घालवणारा मागे पडतो. रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण हा आक्षेप खोडून काढायला पुरेसे आहे. केंद्र सरकारच्या स्पर्धेत तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या. 15 जुलै 2010 रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांचे चिन्ह स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकृतीत सामावून, वरची आडवी रेषा तशीच ठेवणारे ते चिन्ह. ते करणारी व्यक्ती आयआयटी मुंबईत तमिळ अक्षररचनेवर संशोधन करत होती. प्रादेशिक लिपीचा अनेक वर्षांचा अभ्यास त्या चिन्हामागे उभा आहे. त्याला एका रात्रीतली प्रतिभा म्हणणे त्या अभ्यासावर अन्याय करणारे आहे. शिवाय आता साधनांच्या अभावाची सबबही उरलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे फॉन्ट मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले आहेत. सातबारा उतारा, एसटीचे तिकीट, सरकारी दवाखान्यातला केसपेपर यांपैकी एकच कागद घेऊन त्याची वाचनीय मांडणी करणे हा एका सत्राचा उत्तम अभ्यास होऊ शकतो.

पोर्टफोलिओबाबत रूढ समज असा की कामे जितकी जास्त आणि दिसायला जितकी देखणी, तितके चांगले. याच्या समर्थनार्थ सांगतात की निवड करणारा माणूस दोन मिनिटांत पाने चाळतो, त्याला प्रक्रिया वाचायला सवड नसते. पहिल्या फेरीपुरते ते खरे आहे. दुसऱ्या फेरीत समोर बसल्यावर मात्र ‘हा रंग का’, ‘हे नाव एवढे लहान का’, ‘ग्राहकाने काय नाकारले’ असे प्रश्न येतात, आणि पंचवीस चित्रांचा मालक तेथे गप्प होतो. पॉल रँड यांनी 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीचे बोधचिन्ह केले, तेव्हा पर्यायांचा ढीग पुढे टाकला नाही. एकच चिन्ह दिले आणि त्यासोबत त्यापर्यंत कसे पोहोचलो हे दाखवणारी शंभर पानांची पुस्तिका दिली. विद्यार्थ्याकडून शंभर पाने कोणी मागत नाही. पण आठ-दहा कामे आणि प्रत्येकामागची अडचण, रफ, टाकून दिलेले मार्ग व त्यांची कारणे एवढे असले, तर ते पंचवीस निर्विकार चित्रांपेक्षा कितीतरी मोलाचे ठरते.

नामवंत कंपनीचे बोधचिन्ह स्वतःच्या मनाने बदलून पोर्टफोलिओत लावण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. त्या कामात नाही म्हणणारा कोणी नसतो, छपाईचे पैसे मोजणारा नसतो आणि कायदाही आड येत नाही. त्याऐवजी एखाद्या महिला बचतगटाच्या पापडाचे वेष्टन घ्यावे. त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक लागतो, शाकाहाराचे हिरवे चिन्ह लागते, निव्वळ वजन, किंमत, घटक, उत्पादनाची तारीख आणि पत्ता लागतो. हे सगळे हाताएवढ्या पाकिटावर, दोन रंगांच्या खर्चात आणि दुकानातल्या मिणमिणत्या दिव्यात वाचता येईल असे बसवायचे असते. बारकोड लाल रंगात छापला तर लाल प्रकाशाच्या स्कॅनरला तो दिसत नाही, हे ज्ञान अशाच कामात मिळते. बचतगटातल्या बाईंना दोन मसुदे पटले नाहीत आणि तिसरा का पटला, हे मुलाखतीत सांगता येणारी मुलगी अर्धी लढाई तेथेच जिंकते.

छापखान्याची ओळख याच मालिकेतली. पडद्यावरचे आरजीबी रंग आणि शाईचे चार रंग यांतला फरक पुस्तकात वाचून कळतो, पण प्लेट, प्रूफ आणि पहिला छापील कागद शेजारी ठेवल्यावर तो मनात ठसतो. बारीक मजकूर चारही शायांच्या काळ्यात ठेवला आणि नोंदणी केसभर हलली, की अक्षराला रंगीत सावल्या येतात. म्हणून तो केवळ काळ्या शाईत ठेवायचा. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड सोडले नाही, तर कटिंगनंतर पांढरी किनार दिसते. मॅपलिथो कागद शाई पितो, आर्टपेपर पीत नाही. यांपैकी कोणतीही चूक पाच हजार प्रतींवर झाली, तर नुकसान कोणी सोसायचे यावरून संबंध तुटतात. इंटर्नशिप निवडताना स्टुडिओच्या नावापेक्षा काम ब्रीफपासून छपाईपर्यंत पाहायला मिळेल की नाही, हे विचारणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे.

राहिला फुकट कामाचा सल्ला. त्याच्या बाजूने मिल्टन ग्लेझर यांचे नाव घेतले जाते. ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चे हृदयाचे चिन्ह त्यांनी 1977 मध्ये मोबदला न घेता केले, हे खरे आहे. पण त्या वेळी ते दोन दशकांहून अधिक काळ व्यवसायात नामांकित होते आणि अडचणीत सापडलेल्या स्वतःच्या शहराला त्यांनी ती भेट दिली. नवख्या विद्यार्थ्याने अनोळखी व्यापाऱ्याला ‘नाव होईल’ या आश्वासनावर दिलेले काम त्या जातीचे नाही. विद्यार्थ्याला लागू पडणारे उदाहरण कॅरोलिन डेव्हिडसन यांचे. पोर्टलंड स्टेट विद्यापीठात शिकत असताना 1971 मध्ये त्यांनी नाइकीचे चिन्ह केले आणि 35 डॉलरचे बिल दिले. रक्कम अगदीच कमी होती, पण कामाचे बिल दिले गेले, व्यवहाराचे नाते जुळले आणि त्या कंपनीची पुढची कामे त्यांच्याकडे येत राहिली. 1983 मध्ये कंपनीने त्यांना समभागही दिले. थोडे मागावे, पण मागावे. मनाला पटलेल्या ग्रंथालयासाठी किंवा चळवळीसाठी विनामूल्य काम करण्यात गैर काहीच नाही. तेथेही काय द्यायचे, किती वेळा बदलायचे आणि श्रेय कसे छापायचे हे आधी लिहून घ्यावे.

कायदा या बाबतीत विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे, पण तो त्याला कोणी सांगत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार कलाकृतीचा पहिला मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. नोकरीत केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जाते, आणि छायाचित्र, रंगचित्र अशा काही कृती मोबदला देऊन करवून घेतल्या तर त्यांनाही अपवाद आहे. कलम 19 सांगते की हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कलम 57 कर्त्याला आपले नाव सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा विशेष अधिकार देते. सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेल्या डिझायनरला 2006 च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. या चार गोष्टी माहीत असलेला मुलगा ओपन फाइल मागणाऱ्या ग्राहकाशी भांडत नाही. तिची वेगळी किंमत सांगतो.

अलीकडचा आक्षेप असा की कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात शंभर चित्रे काढून देते, मग हे सगळे शिकायचे कशाला. यातला कटू भाग मान्य करायला हवा: सणांच्या शुभेच्छा, वाढदिवसाचे फलक, रोजच्या पोस्ट या कामांची किंमत घसरणार आहे, आणि नवख्यांची पहिली कमाई नेमकी त्यातूनच होत असे. पण या आघाताने कोण आधी कोसळतो? ज्याच्याकडे साधन चालवण्यापलीकडे काही नाही, तोच. शंभर चित्रांतले कोणते बचतगटाच्या पाकिटाला चालेल, त्यातले जोडाक्षर बरोबर आहे का, हिरवे चिन्ह नियमात बसते का, ते चित्र दुसऱ्याच्या कृतीच्या फार जवळ तर जात नाही ना, हे ठरवणारा आणि त्यावर सही करणारा माणूस लागतोच. नव्या साधनामुळे रूढ मताचा उरलासुरला आधारही गेला आहे.

तेव्हा अभ्यासक्रमाची आखणी या दृष्टीने व्हावी. पहिल्या दोन वर्षांत रेखाटन आणि दोन्ही लिप्यांचे अक्षर हाताने, सॉफ्टवेअर त्याच्या बरोबरीने. तिसऱ्या वर्षी छापखाना आणि खरा ग्राहक असलेली इंटर्नशिप. करार, बिल आणि हक्क यांचे पाठ अनुभवी डिझायनर व वकिलाकडून. चौथ्या वर्षीचा मोठा प्रकल्प ज्युरीच्या आदल्या रात्री संपवण्याची पद्धत बदलून तो दोनतीन महिने आधी वापरात यावा. दवाखान्याचा केसपेपर असेल तर परिचारिकांनी तो भरून पाहावा, कोणत्या रकान्यात शाई पसरते आणि कोणता रकाना रिकामाच राहतो याची नोंद व्हावी, आणि ज्युरीपुढे पहिल्या मांडणीसोबत ती नोंद व सुधारलेला दुसरा कागदही ठेवला जावा.