चित्र नाकारले, चित्रकार नव्हे!

हिंगोलीच्या खेड्यापाड्यांतून संगणक-खेळ घडवायला शिकणाऱ्या आमच्या कलावंत विद्यार्थ्यांना आम्ही सांगू इच्छितो : महिनाभर राबून काढलेले पात्र गटाने वगळले, म्हणजे ‘हे क्षेत्र आपले नाही’ असे ठरत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या लादलेला न्यूनगंड आहे. पुण्यात घडलेल्या ‘राजी’ या खेळाची लोकवर्गणी २०१७ मध्ये फसली. तरी २०२० मध्ये तो जगापुढे आलाच! म्हणून आधी कारण विचारा. चित्र संगणकाला जड जात असेल, तर हलके करून पुन्हा काढा. वगळलेलेही जपा, नोकरी मागताना तेच कामी येईल. मात्र कारण जात असेल, तर ते अपयश नव्हे, अन्याय आहे. तेव्हा रडू नका, लेखी तक्रार करा!