आधी धातू काढा, मग रस्ता करा

मा. संपादक,


‘पोलादाचा स्लॅग (भट्टीत उरणारी मळी) रस्त्यात घातला की प्रश्न मिटला,’ हे आपल्या पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच पटले. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये असा रस्ता झाला, तो उत्तमच. पण स्लॅगचे राखाडी ढेकूळ फोडून त्यावर लोहचुंबक फिरवा. लोखंडाचे बारीक मणी चिकटून वर येतात. हे मणी कारखाने वेचतात.

पण खरी गोष्ट मँगनीजची. भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला ते खणून काढावे लागते. फेरोमँगनीज या मिश्रधातूच्या स्लॅगमध्येही ते बरेच उरते. म्हणून तो स्लॅग क्वार्ट्ज व कोकबरोबर पुन्हा भट्टीत घालून सिलिकोमँगनीज करण्याची रीत जुनीच आहे. हा माल का गाडायचा?

आणि पोलादाच्या भट्टीची धूळ? जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळते सुमारे १५०० अंशांना. भंगारातल्या जस्ती पत्र्यांचे जस्त त्यामुळे धुरात जाते आणि फिल्टरच्या पिशव्यांत साठते. त्यात शिसेही असू शकते. अशी धूळ भरावात टाकणे म्हणजे शुद्ध गाढवपणा.

स्लॅग वापरणाऱ्या रस्त्याच्या प्रत्येक निविदेत आधी धातू काढण्याची व तपासणीची अट घालावी, ही बांधकाम विभागाला विनंती.

— एक वाचक, चिचगड (ता. देवरी, जि. गोंदिया)