गेलेनचा अपराध कोणता?

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी गेलेन ह्या पुरातन ग्रीक वैद्यावर एक मोठा आरोप ठेवला आहे. त्याच्या मतांनी युरोपातील वैद्यकास सुमारे तेराशे वर्षे जखडून टाकले, असे ते म्हणतात. ह्या आरोपात तथ्य मुळीच नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु पिंजऱ्यात उभा केलेला आरोपी मात्र भलताच आहे, असे आम्हांस वाटते. ह्या जुन्या फिर्यादीचा आमच्या विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी वाटतो त्याहून निकटचा संबंध आहे, म्हणून ती येथे पुन्हा चालवितो.

गेलेनचा जन्म इ. स. १२९ मध्ये आशिया मायनरातील पर्गम नगरात झाला. प्रकटीकरणाचे पुस्तक वाचणाऱ्यांस ह्या नगराचे नाव परिचित आहेच. त्याचा बाप निकॉन हा स्थपती असून गणितात व भूमितीत निष्णात होता. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असता बापास स्वप्न पडले आणि त्याने त्यास वैद्यकाकडे वळविले. स्मुर्णा, करिंथ, आलेक्सांद्रिया अशी विद्येसाठी भ्रमंती करून गेलेन इ. स. १५७ मध्ये घरी परतला, तो आखाड्यात शस्त्रांनी झुंजणाऱ्या ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. इ. स. १६२ मध्ये तो रोमला गेला व पुढे मार्कस ऑरेलियस बादशहाच्या पदरी राहिला.

रोममध्ये त्याने लोकांसमोर जे प्रयोग केले, त्यांतील एक ऐकण्यासारखा आहे. बुद्धीचे व वाणीचे स्थान हृदय, असे त्या काळी कित्येक विद्वान मानीत. गेलेनने जिवंत डुकराच्या गळ्यातील बारीक मज्जातंतू उघडे करून ते दोऱ्याने आवळले. किंचाळणारे जनावर तत्क्षणी मुके झाले. दोरा सोडताच पुन्हा ओरडू लागले. (त्या मुक्या प्राण्याच्या यातना आठवून अंगावर शहारे येतात, हे आम्ही लपवीत नाही.) तंतू मेंदूकडून आलेले होते, तेव्हा वाणीचा धनी मेंदू, हे उघड झाले. धमन्यांत वायू भरलेला असतो, असे दुसऱ्या एका पंथाचे मत होते. गेलेनने धमनी दोन ठिकाणी बांधून मधला भाग कापून दाखविला. आत रक्तच होते.

असा हा मनुष्य चुकला, आणि पुष्कळ चुकला. मनुष्याचे प्रेत फाडण्याची त्या काळी रोममध्ये चाल नव्हती. त्यामुळे माकडे, डुकरे, शेळ्या, बैल ह्यांच्या शरीरांवरून त्याने मनुष्यदेहाचे अनुमान केले. मनुष्याचा खालचा जबडा दोन हाडांचा आहे, मेंदूच्या तळाशी नाड्यांचे एक अद्भुत जाळे आहे, हृदयाच्या मधल्या पडद्यास अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे जाते, असे त्याने लिहिले. ह्यांतील एकही गोष्ट मनुष्याच्या ठायी खरी नाही.

तथापि आपल्या विद्यार्थ्यांस त्याने काय सांगितले तेही पाहावे. पुस्तकावर भरवसा ठेवू नका, स्वतः पाहा. मनुष्याची हाडे पाहावयास मिळावीत म्हणून तरी आलेक्सांद्रियाला जा. तेही न साधल्यास माकड घ्या, हा त्याचा उपदेश होता. रस्त्याच्या कडेला पडलेल्या एका दरोडेखोराचे प्रेत पक्ष्यांनी टोचून साफ केले होते. तो सांगाडा आपण कसा न्याहाळला, हे त्याने मोठ्या आस्थेने लिहून ठेविले आहे. आपापल्या पंथास चिकटून बसलेल्या वैद्यांस व तत्त्वज्ञांस नवी गोष्ट शिकविण्यापेक्षा मोशे व ख्रिस्त ह्यांच्या अनुयायांस ती शिकविणे सोपे, असा टोमणाही त्याने एके ठिकाणी मारला आहे. ह्या टोमण्याचा फटका आम्हांसही बसतो खरा. पण त्याचा मुख्य नेम स्वतःच्या व्यवसायबंधूंवर होता, हे ध्यानात घ्यावे.

मग बेडी घातली कोणी? नवव्या शतकात बगदादेस हुनैन इब्न इसहाक ह्या ख्रिस्ती वैद्याने गेलेनचे ग्रंथ सुरियानी व अरबी भाषांत आणले. आपल्याकडील युनानी हकीम ‘जालिनूस’ म्हणून ज्याचे नाव आदराने घेतात तो हाच. त्या परंपरेत गेलेनला गुरू मानूनही त्याच्या मतांवरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा राझी झाला, आणि हृदयाचा पडदा भरीव आहे असे तेराव्या शतकात निक्षून सांगणारा इब्न अल्-नफीस झाला. युरोपातील विद्यापीठांत मात्र अध्यापक उंच आसनावरून गेलेन वाचीत, खाली न्हावी प्रेत कापी, आणि ग्रंथ व प्रेत ह्यांचा मेळ बसला नाही तर दोष प्रेताचा ठरे. इ. स. १५४३ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या व्हेसेलियसने स्वतःच्या हातांनी प्रेते चिरून गेलेनच्या चुका छापून प्रसिद्ध केल्या. तेव्हा पॅरिसातील त्याचे गुरू सिल्व्हियस ह्यांनी उत्तर दिले की, गेलेन चुकणे शक्य नाही. त्याच्या काळानंतर मनुष्याचे शरीरच बदलले असले पाहिजे! शिष्यास त्यांनी वेडा ठरविले. आमच्या मते अपराध घडला तो येथे. गेलेन स्वतः त्या खोलीत असता, तर तो न्हाव्याच्या हातून सुरी घेऊन व्हेसेलियसच्या शेजारी उभा राहिला असता.

इ. स. १९२ मध्ये रोमला लागलेल्या आगीत गेलेनची बहुतेक ग्रंथसंपदा जळाली. त्या हानीविषयी त्याने मित्रास लिहिलेले पत्र नष्ट झाले, असेच सर्व विद्वान समजत होते. इ. स. २००५ मध्ये एका फ्रेंच संशोधक-विद्यार्थ्यास ते ग्रीस देशातील थेस्सलनीकाच्या एका मठातील हस्तलिखितात सापडले. त्याने हस्तलिखित उघडून पाहिले, एवढेच.

सिल्व्हियसची थट्टा करणे सोपे आहे. आम्हीही वर्गात ती करीत असू. परंतु मागे एकदा फुलाचे चित्र काढावयास सांगितले असता एका मुलाने जास्वंदीस वीस-बावीस पाकळ्या काढून आणल्या. पुस्तकात पाच होत्या. आम्ही तांबडी रेघ ओढली आणि ‘पुस्तक पाहा’ असे बाजूला लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता आपल्या अंगणातील डबल जास्वंदीचे फूल आमच्या मेजावर आणून ठेविले. ह्या जातीत पुंकेसरांच्याही पाकळ्या होतात, हे आम्हांस ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही, इतकेच नव्हे तर त्यास ‘हे तू कोठे पाहिलेस?’ असे विचारावयाचेही सुचले नाही. पालकांनी आम्हांस हसू नये. ‘पुस्तकात आहे तेच लिही, नाहीतर गुण जातील,’ हे वाक्य मुले आमच्याकडे पुष्कळदा घरूनच घेऊन येतात.

आम्ही वर्गासमक्ष चूक कबूल केली, रेघ खोडली, गुण दिले. मुलगा हसलाही. परंतु पुढल्या महिन्यात धोतऱ्याच्या फुलाचे चित्र काढताना फूल त्याने मेजाच्या कडेला सारून ठेविले होते, आणि पुढ्यात पुस्तक उघडे होते.